नंदाबाईचं विरजण

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर कुणाचं दही बिघडलं की ती बाई वाटी घेऊन नंदाबाईच्या दारात यायची. दवा टोचलेल्या म्हशीच्या दुधाचं दही लागत नाही, हे सगळ्यांना माहीत; पण नंदाबाईच्या विरजणाने त्याचंही कवडीदार लागायचं. या विरजणामुळेच लग्नाच्या मठ्ठ्याला पहिला हात तिचा असे.

तिची लेक ममता सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. तिला हे दही लागणंच खटकलं. म्हशीची कास सुजली की ममताचा बाप धावजी घरात उरलेली दवा स्वतःच टोचायचा. पुढचे काही दिवस दूध फेका, असं डॉक्टर सांगून गेला होता. पण दूध मातीत ओतायचं म्हणजे पाप. नंदाबाई त्याचं दही लावायची. आधी लागेना. मग ती विरजण वाढवून घाली, आणि एकदाचं लागलं की त्यातलंच पुढे ठेवी. असं कैक वर्षं चाललं होतं.

दवेने दह्याचे जिवाणू मरायला हवेत. हे का मरत नाहीत?

ममताने उकळून निववलेल्या दुधाच्या वाट्या मांडल्या. दोन वाट्यांत दवा मिसळली. एकीत आईचं विरजण घातलं, दुसरीत बाजारातल्या डेअरीचं. तिसऱ्या वाटीत डेअरीचंच, पण दवेशिवाय. सकाळी तिसरी वाटी छान लागली होती, दुसरीत नुसतं दूध होतं, आणि आईच्या वाटीत चमचा उभा राहत होता.

शेजारची जमनी विरजण न्यायला आली होती. “डेअरीवाल्यानं हात टेकले,” ती म्हणाली. “तुह्या मायले बक्षीस द्या लागते, ममता.”

“तेच तं वांधं हाय, काकी.” ममता आईकडे वळली. “याडी, तू विरजण देतं, तं तुह्यं कमी होते?”

“काहून होईन? चमचाभर देल्लं, बाकी घरी हायेच.”

“जिवाणूबी तसंच करते. दवेतून वाचाची युक्ती त्याच्या अंगात लिहून असते. त्याची नक्कल काढते न् शेजाऱ्याले देऊन टाकते. पोटच्या पोरालेच देते असं नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालते.”

“म्हणजे आपल्यापेक्षा बरे,” जमनी म्हणाली.

“पण शेजारी रोगाचा असला तरीबी देते. विरजणातल्या जिवाणूनं ती युक्ती गोठ्यातून, शेणातून कुठून तरी घेतली असन. उद्या पोटात जाऊन त्यानं रोगाच्या जिवाणूले देल्लं, तं आजारी लेकराले तीच दवा लागू पडनार नाही.”

“असं होईनच?” नंदाबाईने रोखून विचारलं.

“होईनच असं नाही. होऊ शकते. न् एकदा देल्लं का वापस घेता येत नाही.”

नंदाबाईने वाटी दूर सारली. मग म्हणाली, “जमने, मीनं किती घरी देल्लं असन?”

“कोनाले नाही देल्लं ते पूस.”

नंदाबाई उठली. तिने चुलीवर पाणी ठेवलं, उकळी आली तशी दह्याचं मडकं त्यात रितं केलं आणि पदर खोचला.

“चाल. पयलं तुह्यं घर.”

जमनी हबकली. “देल्लेलं विरजण वापस मांगतं? वापस मांगलं का म्हैस आटते व, बाई.”

“आटू दे. जिवाणूकडून मांगता येत नाही, तुह्याकडून तं येते. ममता, तू डेअरीचं विरजण घेऊन आमच्या मांगं ये. जुनं काढलं त्या घरी नवं देऊ. मीच देईन.”

ओट्यावरून धावजीने विचारलं, “न् दवा टोचल्यावरचं दूध?”

“तुमीच खड्डा खोदा न् तुमीच ओता,” नंदाबाई म्हणाली, आणि जमनीच्या पुढे चालू लागली.