उजवा पाय, वय एकोणसत्तर

बर्फाच्या पेटीतून एकेक पाकीट काढून ती ट्रेवर मांडत होती. सातव्या पाकिटाशी तिचा हात थांबला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पुरुष, ७१, उजवा पाय.

"हे तू कर," पाकीट सहकाऱ्यापुढे सरकवत ती म्हणाली.

"वा! सकाळी सकाळीच कामचुकारपणा?"

"बाबा एकाहत्तरचे होते."

त्याचं हसू मावळलं. तिच्या वडिलांनी देहदान केलं होतं, हे प्रयोगशाळेत त्या एकट्याला ठाऊक होतं. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला या कामावरून उठवलं असतं, आणि घरी बसून तरी ती काय करणार होती?

"अगं, एकाहत्तरचे काय तुझे एकटीचेच बाबा असतात?" तो म्हणाला. "पण राहू दे, मी करतो. तू माझं एकोणसत्तर घे."

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की सर्जन त्या जागी मांडीमागच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, घडी घालून बसवतात. उतारवयात अशी कंडरा किती ताण सोसते, ते इथे मोजायचं होतं. मोजायचं म्हणजे तुटेपर्यंत ओढायचं. पाकिटांवर नाव नसे.

तिने एकोणसत्तर उघडलं. कंडरांना चिकटलेलं मांस खरवडून काढलं, टोकं जाड दोऱ्याने शिवली, घडी घालून चार पदर केले. सुकू नयेत म्हणून अधूनमधून मिठाचं पाणी शिंपडत राहिली. मग टोकं यंत्राच्या जबड्यांत आवळून तिने कळ दाबली.

पडद्यावर रेघ चढू लागली. पंधराशे न्यूटन. अठराशे. या वयाच्या कंडरा इथवर मान टाकतात. ही टाकेना.

"म्हातारा पहिलवान होता की काय!" मागून सहकारी म्हणाला.

ती हसली. बाबा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत पहिल्यांदाच, तेही मोठ्याने. तेवढ्यात एक पदर तुटला, आणि पाठोपाठ बाकीचे. तेवीसशे बारा.

चहाच्या वेळी आईचा फोन आला.

"अगं, घर नावावर करायचे कागद परत आले. अर्जात मी यांचं वय एकाहत्तर लिहिलं आणि मृत्यूच्या दाखल्यावर एकोणसत्तर आहे. आता काय करू?"

"दाखल्यावर एकोणसत्तर कसं?"

"कसं म्हणजे? शाळेत घालताना मास्तरांनी दोन वर्षं कमी लावली नव्हती का? पुढे सगळे कागद तसेच. दर वाढदिवसाला म्हणायचे ना, सरकारदरबारी मी अजून तरुण आहे."

म्हणायचे. जन्मभर ऐकलेली गोष्ट होती. तिने कप खाली ठेवला.

"आई, देहदानाचा फॉर्म कोणी भरला होता?"

"त्यांनीच. शाळेचा दाखला समोर ठेवून, सावकाश. ऐकतेस ना? मृत्यूचा दाखला बदलून घेऊ का?"

"नको. आहे तसाच राहू दे."

फोन ठेवून ती टेबलाशी आली. ट्रेमध्ये दोन तुकडे पडले होते, टोकं पिंजलेल्या सुतळीसारखी. तेच असतील, असं तिला वाटलं. मग वाटलं, कशावरून? एकोणसत्तरचे काय एकटे बाबाच असतात? तिने कापड भिजवून तुकड्यांवर टाकलं. आता सुकले काय, न सुकले काय, काही बिघडणार नव्हतं.

"ऐक," सहकारी हातात कागद घेऊन आला. "तुझा सकाळचा आकडा बाकीच्यांत बसत नाही. फारच वर गेलाय. सर विचारतायत, वगळायचा का?"

तिने कागदावरचा आकडा पाहिला.

"मोजणीत काही गडबड झाली होती का? तू समोर होतीस, तूच सांग. तू म्हणशील तसं लिहितो."

ती आठवू लागली. जबडे तिनेच आवळले होते, घट्ट. पण रेघ चढत असताना, अगदी शेवटी, तिने नीट पाहिलं होतं का? तेव्हा ती हसत होती. आकडा वगळला तर वाईट वाटणार होतं. राहिला तर काय वाटणार होतं, ते तिला कळेना.

"मला नको विचारूस," ती म्हणाली.

"मग कोणाला विचारू?"

तिने हात धुतले, पुसले, आणि सरांच्या दारावर टकटक केली.

"ये. काय झालं त्या एकोणसत्तरचं?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"आकडा खरा असावा, सर," ती म्हणाली. "पण तो मी खरा म्हणून चालणार नाही."

सरांनी चष्मा काढला आणि समोरची खुर्ची दाखवली.