तळाच्या जागेसाठी

संघातले सगळे त्याला 'चाळण' म्हणत. पंधरा वर्षं गोलपोस्टमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला हे नाव का पडलं, ते सांगायला नको. मोसमाचा शेवटचा सामना हाच त्याचाही शेवटचा होता. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि बायकोही.

सामन्याआधी मॅनेजरने त्याला कपडे बदलायच्या खोलीबाहेर, ओल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी गाठलं.

"आज हरायचं," तो हळूच म्हणाला.

"ते काय सांगायला हवं का, साहेब?"

"चेष्टा नको. मुद्दाम हरायचं!"

प्रकरण असं होतं. दरवर्षी तेच दोन-तीन श्रीमंत संघ जिंकायचे आणि प्रेक्षक कंटाळायचे. म्हणून लीगने नियम केला होता, की जो संघ तळाला राहील त्याला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड. दुबळ्याला जरा बळ मिळावं, एवढाच हेतू. यंदा नव्यांमध्ये एक सव्वासहा फुटी आडदांड गडी होता आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर होता. तळाचे दोन संघ, दोघांचे गुण सारखे, आज समोरासमोर होते. हरेल त्याचं नशीब फळफळणार!

चाळणने मान डोलावली. हरायचा सराव दांडगा होता. अडचण एकच होती. त्याच्या सासूबाई आज पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या. "आमचे जावई खेळतात," असं त्या शेजारणींना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. नेमकं काय खेळतात, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मांडीवर पर्स घट्ट धरून त्या बरोबर त्याच्या गोलपोस्टमागे, पहिल्या रांगेत बसल्या.

सामना सुरू झाला आणि चेंडू कुणालाच नकोसा झाला. पाहुण्यांच्या रडक्या पोरासारखा तो या पायाकडून त्या पायाकडे जात होता. समोरच्यांचा फॉरवर्ड एकटा, मोकळा पुढे आला, आणि गोलसमोर बुटाची नाडी बांधायला बसला. पाच मिनिटांनी पुन्हा बसला. प्रेक्षक आधी जांभया देत होते, मग शिट्ट्या वाजवायला लागले.

उत्तरार्धात बाजू बदलल्या, तशा सासूबाईही पर्ससकट त्याच्या नव्या गोलपोस्टमागे येऊन बसल्या. मग चेंडू चुकून कुणाच्या तरी पाठीवर आपटला आणि गोलच्या कोपऱ्याकडे निघाला. चाळणने फक्त बघत राहायचं होतं. एवढ्यात मागून आवाज आला, "अहो जावईबापू! चेंडू! लक्ष कुठंय तुमचं?"

लग्नापासून या आवाजापुढे त्याचं काही चाललं नव्हतं. अंग आपसूकच हवेत झेपावलं आणि चेंडू बोटांत आला. असा अफलातून बचाव त्याने उभ्या जन्मात केला नव्हता. सासूबाई टाळ्या वाजवत उठल्या. मॅनेजरने कपाळ बडवलं.

घाबरून चाळणने ही ब्याद लांब जावी म्हणून जीव खाऊन लाथ हाणली. वारा पाठीशी होता. चेंडू सगळं मैदान ओलांडून टप्पे खात पलीकडच्या गोलकडे गेला. तिथला गोलकीपर अदबीने बाजूला सरकला, जणू "या, आत या."

गोल!

गोल खाल्लेले एकमेकांना मिठ्या मारत होते आणि गोल केलेले डोक्याला हात लावून बसले होते. निकाल तोच राहिला. वरच्या गच्चीत लीगच्या सचिवबाई बसल्या होत्या. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि वही उघडली.

घरी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "रोज असेच गोल करता?"

"हा पहिलाच, आई."

"पंधरा वर्षांत?" त्यांनी लेकीकडे असं पाहिलं, की बायकोने मुकाट्याने वाढायला घेतलं.

चौथ्या दिवशी लीगचा निर्णय आला. दोन्ही संघांचा निवडीचा हक्क रद्द. सव्वासहा फुटी गडी तळाकडून तिसऱ्या संघाला, कारण ते बिचारे मनापासून खेळून हरले होते. आणि पुढच्या वर्षापासून पहिली निवड चिठ्ठ्या टाकून.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "पंधरा वर्षांत तुला दुसरा दिवस मिळाला नाही?"

"साहेब, मागे सासूबाई होत्या."

मॅनेजरही कुणाचा तरी जावई होता. "असू दे," तो म्हणाला. "बचाव मात्र झकास होता हो."