कोकराचं कातडं

पेडगावच्या शाळेत मी उपमा आणि रूपक शिकवायचो. माझं स्वतःचं शिक्षण सगळं उर्दूत. संस्थान विलीन झालं, शाळा मराठी झाली, तेव्हापासून अलंकार मी मुलांच्या फक्त एक दिवस आधी शिकायचो. तरी ऐट अशी, की गावात भाषा कळते ती व्यंकटराव मास्तरलाच.

घरात मात्र माझी भाषा चालेना. माझी पहिली बायको धुरपता वारून वर्ष झालं होतं. मी मनकर्णेशी लग्न केलं, पण चार वर्षांची बायना नव्या आईच्या हातचा घास घेईना. मी परोपरीनं समजावलं. शेवटी पाथरीचा तिचा मामा म्हणाला, सोमवारपर्यंत पोर रुळली नाही तर मी तिला घेऊन जाणार. मनकर्णेचंही जेवण तुटलं.

त्याच आठवड्यात आमच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. गुरुवारी मी आणि मनकर्णा मेंढ्यांच्या मालकिणीला, कासाबाईला, भाकरी द्यायला गेलो. ती मेलेल्या कोकराचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधत होती. मनकर्णेनं विचारलं, हे कशाला?

"मेंढी दुसरीचं कोकरू पाजत न्हाई, बाई. वास बघती. आपल्या लेकराचा वास आला की पाजती. चार दिसानं कातडं काढायचं."

मी कौतुकानं मान हलवली आणि विसरून गेलो. माझ्या लेखी विषय मेंढ्यांचा होता.

शुक्रवारी शाळेतून आलो तर मनकर्णेनं पेटीतलं धुरपताचं जुनं लुगडं नेसलेलं. बायना त्या पदरात तोंड खुपसून बसली होती आणि दूधभाकरी खात होती.

कासाबाईनं बायनाचं नावही काढलं नव्हतं. तिथं पारखणारी आई होती, इथं लेकरू. सगळं उलटं, तरी निरक्षर मनकर्णेनं नेमकं हवं तेवढंच उचललं. मी थक्क झालो, आणि मास्तर म्हणून लाजलोही.

सोमवारी मामा गाडी घेऊन दारात, आणि मनकर्णा स्वतःच्या हिरव्या लुगड्यात. आजच्या दिवस तरी धुरपताचंच नेस, मी हळूच म्हणालो.

"कातडं काढावंच लागतंय," ती म्हणाली. "न्हाईतर कोकराला सोताचा वास कवा यायचा?"

म्हणजे कोकरू ती स्वतः होती.

बायना मामाच्या मांडीवरून उतरली, मनकर्णेजवळ गेली आणि तिनं भाकर मागितली. मामा जेवून एकटाच पाथरीला गेला.