आबांच्या टर्बोला गार हवा

सत्त्याण्णव सालची गोष्ट. डिझेल पंपाच्या कामात धुळ्यात तेव्हा माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी म्हणत नाही, आग्रा रोडवरचे ड्रायव्हर म्हणायचे. मी फक्त त्यांना अडवत नव्हतो. पण ज्या एका माणसानं हे म्हणावं असं मला वाटे, तो काही म्हणत नव्हता. ते म्हणजे माझे सासरे, असोद्याचे तोताराम आबा.

आबांना दोन जावई. थोरला रतिलाल, जळगावात बँकेत. त्याला आबा ‘जावाईबापू’ म्हणत. धाकटा मी, पहूरचा भिकन. मला म्हणत ‘मिस्तरी’. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक पोरगी शाळेत जायला लागली, तरी मिस्तरी. ‘मिस्तरीले पानी द्या.’ अरे, मी काय तुमच्याकडे मोटर दुरुस्त करायला आलोय?

त्या वर्षी होळीला आबांनी नवा टर्बो ट्रक घेतला. स्वतःच्या बागेची केळी भरून मुंबईला पाठवायची. घाटात गाडी अजून थोडी ओढायला हवी, असं ड्रायव्हर उखर्डूचं म्हणणं पडलं, म्हणून आबा स्वतः ट्रकमध्ये बसून धुळ्याला माझ्या गॅरेजवर आले. मी पंप उतरवला, मशीनवर चढवला, टर्बोच्या हवेला जुळेल इतकं डिझेल वाढवून दिलं. भरला ट्रक लळिंगच्या घाटात घेऊन गेलो तर गडी एक गिअर वर चढला. आबा खूश झाले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं. टर्बो म्हणजे काय?

मग काय, मी सुटलोच. दोन चहा होईपर्यंत बोललो. म्हटलं, आबा, इंजिनाची ही फुप्फुसं. बाहेरची हवा ओढायची आणि दाबून आत कोंबायची. शेवटी टेचात म्हणालो, “हवा जितकी गार, तितकी गाडी ताकदवान.” आबांनी मान डोलावली. त्या दिवशी मी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या खेपेला आबा गॅरेजवर आले ते तोंड पाडून. गाडीत दमच नाही म्हणे. एरंडोलपासून बैलगाडीच्या चालीनं आली, मागं काळा धूर, पारोळ्याच्या चढावर तर एका सायकलवाल्यानं ओलांडली. मला हसू आलं, पण आबा हसत नव्हते. मी टर्बोच्या पाइपाला दाबाचा मीटर जोडला आणि स्वतः गाडी चालवली. काटा जिथं हवा तिथं. धूर नाही, ओढ जोरात. उखर्डूला म्हटलं, तुझा पायच हलका पडतो. त्यानं आबांकडं पाहिलं, आबांनी आकाशाकडं.

गाडी गॅरेजमधून गेली आणि लळिंगच्या घाटात पुन्हा बसली.

पुढची खेप, पुन्हा तेच. या वेळी मी हट्टाला पेटलो. प्रत्येक क्लिप आवळली. साबणाचं पाणी लावून सगळे पाइप तपासले, कुठं एक बुडबुडा नाही. टर्बोचं चाक बोटानं फिरवून पाहिलं, नोझल पाहिले, पंप पुन्हा मशीनवर चढवला. गॅरेजच्या दारात गाडी साखरेसारखी गोड, माझी पाठ फिरली की खोडसाळ. मला तर शंका यायला लागली की गाडी मुद्दाम करते.

आबा त्या दिवशी जाताना पायरीवर थांबले. म्हणाले, रतिलालच्या ओळखीचा जळगावात एक कारागीर आहे, त्याला दाखवू का? विचारलं होतं अगदी नरमाईनं, पण मला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. म्हटलं, एक खेप द्या मला.

घरी लता, माझी बायको, माझ्याही वर तापलेली. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलेली. खान्देशात लेक अखाजीला माहेरी जाणार नाही असं होतं का? तिकडं बहिणींचे झोके बांधून झाले असतील. पण ती म्हणाली, बाबांची गाडी तुम्ही बिघडवलीय असं सगळं असोदं म्हणतंय. ती सुधरली नाही तर मी या अखाजीला जाणार नाही, आणि का गेली नाही ते तुम्हीच माझ्या आईला सांगा. एवढं बोलून तिनं भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली. मला तिच्या रागापेक्षा त्या रिकाम्या पिशवीचं जास्त वाईट वाटलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी केळी भरून ट्रक आला. नेहमीसारखा धुतलेला, पुसलेला. मी मीटर घेतला आणि सरळ केबिनमध्ये चढलो. म्हटलं, आज मी घाट संपेपर्यंत सोबत. आबा म्हणाले, नको, ऊन फार आहे. उखर्डू म्हणाला, नका येऊ भाऊ. मी कोणाचं ऐकतो का? दोघांच्या मध्ये बसलो.

गाडी लळिंगचा घाट गाणं म्हणत चढली. काटा जागेवरून खाली आला नाही. वर पोचल्यावर आबा म्हणाले की मी बसलो की गाडी सुधारते, तर दर खेपेला मीच मुंबईपर्यंत बसत जावं. हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. उतरलो तर मागून पँट ओलीचिंब. बेचाळीस डिग्री उन्हात.

मी सीट उचलली. खाली घडी घातलेलं एक बारदान, पाणी गळणारं.

“हे काय?”

आबांनी उखर्डूकडं पाहिलं. शेवटी उखर्डूच बोलला, “तुमीच तं सांगलं व्हतं ना भाऊ, गार हवा लागते म्हनून.”

आता सगळं बाहेर आलं. आबांनी आयुष्यभर केळीला उन्हाळी वाऱ्यापासून जपलेलं. बागेच्या कडेनं वारा अडवायला शेवरीची दाट वई, कापलेल्या घडांवर ओलं बारदान. मग जावयानं सांगितल्यावर टर्बोला ते लू कशी लागू देतील? असोद्यातून निघताना केबिनमागच्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला ते ओलं बारदान बांधायचे, दुपदरी, सुतळीनं आवळून. एरंडोलला आणि पारोळ्याला पुन्हा भिजवायचे. धुळं जवळ आलं की फागण्याच्या पंपावर गाडी धुवायची आणि बारदान सीटखाली दडवायचं, कारण लेकीच्या दारी असलं फाटकं लक्तर बांधून कसं यायचं? गॅरेज सुटलं की लळिंगच्या पायथ्याशी पुन्हा बांधायचं.

मी ट्रक खाली नेला, बारदान बांधलं आणि पुन्हा घाट चढवला. अर्ध्या वाटेवर काटा पडला आणि काळा धूर सुटला. बिचारा टर्बो, तोंडावर ओली गोधडी घेऊन पळत होता. आबांनी मीटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी अगदी लहान दिसला. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. गार हवेचं टेचात बोललं कोण होतं? मीच ना?

अखाजीला आम्ही असोद्याला गेलो. लतानं पिशवी भरली होती. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, पंगतीला वीस-पंचवीस माणसं. रतिलालनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय भिकनराव, सापडलं का दुखणं?”

पंगत थांबली. आबांनी मान इतकी खाली घातली की नाक रसाला लागायचं बाकी होतं. लता दारात उभी, तिला सगळं माहीत होतं. नऊ वर्षांचा हिशेब एका वाक्यात फिटला असता.

“पंपात माझाच एक स्क्रू चुकला होता,” मी म्हटलं.

सगळे हसले. रतिलाल सगळ्यांत जास्त. खरं सांगतो, त्याच्या ताटात रसाऐवजी डिझेल ओतावंसं वाटलं. आबा हसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या ताटाकडं बोट केलं आणि सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, मला आणखी एक पोळी वाढली.

जेवून मधल्या खोलीत आडवा झालो. डोळा लागला असेल-नसेल, अंगावर पाण्याचे थेंब पडले. पाहतो तर खिडकीला तेच बारदान, दुपदरी, सुतळीनं आवळलेलं. बाहेरून आबा तांब्यानं त्यावर पाणी मारत होते. सासूबाई अंगणातून मोठ्यानं काहीतरी विचारायला लागल्या.

“हळू बोल वं,” आबा म्हणाले. “जावाईबापू झोपेल हाये.”

खिडकी पार बंद झाली होती. खोलीत वाऱ्याची झुळूक म्हणून येत नव्हती, जीव नुसता गुदमरत होता. मी ते बारदान काढा म्हटलं नाही.