कूतहून फोन आला नाही

गिरीश सावंत युद्धावर बोलायला लागला की त्याला आवरणं अवघड, हे नेपरव्हिलमधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, दीपाला, तर लग्न झाल्यापासूनच. साताऱ्याकडच्या फौजी गावातला मुलगा शिकून इंजिनिअर झाला, ऐंशीच्या दशकात इलिनॉयला आला, दिवसभर सॉफ्टवेअर लिहायचा आणि उरलेला वेळ पहिल्या महायुद्धाला वाहून टाकायचा. महिन्यातून एका शनिवारी गावच्या लायब्ररीत त्याचं भाषण असे. पंधरा-वीस रिटायर्ड अमेरिकन कॉफीचे कप घेऊन बसत आणि गिरीश त्यांना सांगे, की युरोपातल्या राजांनी एकमेकांशी कसे करार करून ठेवले होते, आरमारं वाढवायची कशी चढाओढ लागली होती आणि सारायेव्होत एका राजपुत्राचा खून झाल्यावर एकेक देश दुसऱ्याचा हात धरून कसा खड्ड्यात गेला.

मार्न, गॅलिपोली, सोम, सगळ्या मोहिमा त्याला पाठ होत्या. पण आवाज चढायचा तो मेसोपोटेमियावर, म्हणजे आजच्या इराकवर. इराणमधल्या तेलाला धक्का लागू नये म्हणून १९१४ साली इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज बसऱ्याला उतरवली. काम तेवढंच होतं. पण बसरा सहज मिळालं, मग कुर्ना, मग अमारा, मग कूत, आणि तिथून साहेबांना बगदाद दिसायला लागलं. बगदादच्या अलीकडे तुर्कांकडून सपाटून मार खाल्ला. माघार घेत फौज कूतला आली आणि टायग्रिस नदीच्या वळणात अडकली. जवळजवळ पाच महिने वेढा पडला. घोडे कापून खायची पाळी आली, पण धर्म बुडेल म्हणून देशी शिपाई कितीतरी दिवस त्या मांसाला शिवले नाहीत. सोडवायला आलेल्या फौजेचे जितके मेले आणि जखमी झाले, तितके लोक आतसुद्धा नव्हते. शेवटी शरणागती. उपाशी कैद्यांना उन्हातून, वाळवंटातून चालवत नेलं.

ती पुण्याची डिव्हिजन होती आणि तिच्यातल्या एका मराठा पलटणीत गिरीशचे पणजोबा राघोजी शिपाई होते. ते परत आले नाहीत. कुठे पडले, कुणालाच कळलं नाही.

हे सगळं गिरीशच्या मुलानं, आर्यनं, लहानपणापासून ऐकलं. बेसमेंटमध्ये भिंतभर नकाशा होता. त्यावर टाचण्या टोचत बापलेक रविवार घालवायचे. दीपा वरून जेवायला हाका मारून थकायची.

म्हणून २००५च्या वसंतात, कॉलेज अर्ध्यावर सोडून आर्यनं जेवणाच्या टेबलावर "मी आर्मी जॉइन केली आहे, साइन करून आलो," असं म्हटलं, तेव्हा दीपानं मुलाकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली.

"माझ्या मनात हे कधी होतं?" गिरीशचा घास हातातच राहिला. टीव्हीवर इराकच्या बातम्या लागल्या की तो दोन वर्षं शिव्या देत होता, हे खरंच होतं. "आर्य, अरे, हे युद्ध चुकीचं आहे. किती वेळा बोललोय आपण!"

"डॅड, यू ऑल्वेज सेड दॅट," आर्य शांतपणे म्हणाला. "राघोजीचं युद्धही चुकीचंच होतं. पण तुम्ही त्याला वाईट कधी म्हणाला नाहीत."

दीपा उठून ओट्याशी गेली आणि पाठमोरी उभी राहून रडली.

दोन वर्षांनी, २००७च्या जुलैत, आर्यची तुकडी इराकला गेली. कुठे जाणार ते आधी कळलं नव्हतं. पहिल्या फोनवर त्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"डॅड, गेस करा कुठे आहे मी. कूत. नदीचं ते वळण आहे ना, त्याच्याजवळच आमचा तळ."

गिरीश फोनवर वाकला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी लकाकून गेलं, आणि ते दीपाला दिसलं. त्या एका क्षणासाठी तिनं त्याला बरेच महिने माफ केलं नाही.

या काळात तिला सोबत मिळाली ती ब्रेंडाची. आर्यच्या तुकडीत डस्टिन नावाचा मुलगा होता, योर्कव्हिलचा, म्हणजे गाडीनं अर्ध्या तासावरचा. दोघांची ट्रेनिंगमध्येच दोस्ती जमली होती. एका थँक्सगिव्हिंगला तो घरी आला होता तेव्हा त्यानं दीपाचा कोंबडीचा रस्सा नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला आणि वर आणखी मागितला. ब्रेंडा त्याची आई. नवऱ्यापासून वेगळी झालेली, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारी, मोठ्यानं हसणारी बाई. दोघींमध्ये एरवी बोलण्यासारखं काही नव्हतं. आता रोज फोन व्हायचा. कुणाच्या मुलाचा मेल आला, कुणाला मोजे पाठवायचे, तिथे ऊन किती.

ब्रेंडानंच तिला एक गोष्ट समजावून सांगितली होती. तळावरचं कुणी मेलं की तिथले सगळे फोन आणि इंटरनेट बंद करतात. मेलेल्याच्या घरी लष्कराची माणसं जाऊन सांगेपर्यंत बंदच. बातमी भलत्या वाटेनं पोचू नये म्हणून.

"म्हणजे फोन येईनासा झाला, की समजायचं कुणीतरी गेलं," ब्रेंडा म्हणाली होती. "आणि मग आपल्या दारात गाडी थांबते का, बघत बसायचं."

ऑक्टोबरात एकदा तसं झालं. दोन दिवसांनी फोन सुरू झाले. मेलेला मुलगा टेक्सासचा होता. त्या दिवशी दीपानं देवापुढे निरांजन लावलं आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

जानेवारीत पुन्हा फोन बंद झाले.

रविवारी सकाळी आर्यचा फोन यायचा, तो आला नाही. दुपारपर्यंत दीपानं मेल उघडून उघडून पाहिला. संध्याकाळी ब्रेंडाचा फोन आला.

"तुला काही?"

"नाही. तुला?"

"नाही."

सोमवारी बर्फ पडत होतं. दीपा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. ती कामावर गेली, रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावली, एक लेबल चुकलं तेव्हा सुपरवायझरनं तिला घरी पाठवलं. गिरीश ऑफिसला गेलाच नव्हता. ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं ओढत होता. ओढून झालं की पुन्हा भुरभुर साठायची आणि तो पुन्हा सुरुवात करायचा.

"कशाला सारखं साफ करताय?" तिनं गाडीतून उतरत विचारलं.

तो फावडं ओढतच राहिला. मग तिच्या लक्षात आलं. कुणी आलंच तर घसरू नये, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. किंवा बाहेर उभं राहून त्याला आधी गाडी बघायची होती, तिच्याआधी.

घरात आल्यावर दीपाला गिरीशच्या पणजीची, राघोजींच्या बायकोची, आठवण झाली. सासूबाईंनी सांगितलं होतं, त्या बाईनं मरेपर्यंत कपाळाचं कुंकू पुसलं नाही. नवरा मेल्याचा निरोपच आला नाही, मग पुसायचं कसं? गावातल्या बायका पाठीमागे बोलायच्या. इतकी वर्षं दीपाला त्या बाईची कीव यायची. त्या सोमवारी पहिल्यांदा हेवा वाटला. तिच्या दारात कुणीही आलं नाही. कुणीही येऊ शकलं नाही.

संध्याकाळी पुन्हा ब्रेंडाचा फोन.

"दीपा, मी सकाळपासून एक प्रार्थना करतेय," ब्रेंडा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "डस्टिन नको. आणि मग मला कळतं की मी काय मागतेय. डस्टिन नको म्हणजे दुसरं कुणीतरी. म्हणजे कदाचित तुझा."

"मीपण तेच मागतेय," दीपा म्हणाली.

ब्रेंडाकडे टीव्ही चालू होता, हवामानाच्या बातम्या ऐकू येत होत्या.

"उद्या सकाळी आठला मी तुला करते," ब्रेंडा म्हणाली. "काही असो, नसो."

मंगळवारी आठ वाजले, फोन वाजला नाही. दीपानं वाट पाहिली आणि मग स्वतःच लावला. वाजत राहिला. परत लावला. मशीनवर ब्रेंडाचा हसरा आवाज आला, निरोप ठेवा म्हणणारा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणा अनोळखी पुरुषानं उचलला, "आत्ता नाही, प्लीज," म्हणाला आणि ठेवून दिला.

दीपाच्या हातातून सुटलेला रिसीव्हर खाली लोंबकळला. तिला कळलं होतं. आणि कळल्यावर तिच्या अंगातून जे काही धावत गेलं ते दुःख नव्हतं. ती सुटली होती. ती किचनच्या फरशीवर बसली आणि हसण्यासारखा एक आवाज तिच्या तोंडून बाहेर पडला. गिरीश धावत आला.

"काय झालं? दीपा! आर्य?"

"आर्य नाही," ती म्हणाली. "आर्य नाही हो, आर्य नाही." मग तोंडात पदर कोंबावा तशी स्वेटरची बाही कोंबून ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

आर्यचा फोन दुपारी आला. "आई, आय ॲम फाइन," एवढं म्हणाला. डस्टिनचं नाव त्यानं घेतलं नाही, तिनंही नाही. "ब्रेंडाकडे जा," म्हणाला आणि लाइन बंद झाली.

दीपा आणि गिरीश दुसऱ्या दिवशी गेले. ब्रेंडाच्या घरात चर्चमधल्या बायका होत्या, ओट्यावर झाकलेली भांडी होती, आणि ब्रेंडा टेबलाशी बूट घालून, कोट घालून बसली होती, जणू कुठे निघायचं होतं. दीपाला पाहून ती उठली नाही. दीपा तिच्याजवळ गेली, तिचं डोकं पोटाशी धरलं. आपला मुलगा जिवंत आहे हे आपल्या अंगाच्या वासावरूनसुद्धा हिला कळेल, असं तिला वाटत होतं.

थोड्या वेळानं ब्रेंडानं गिरीशकडे पाहिलं. "डस्टिन म्हणायचा, आर्यच्या डॅडना त्या जागेचं सगळं माहीत आहे. कशी आहे ती जागा?"

गिरीश चाचरला. मग हळूहळू सांगू लागला. नदी रुंद आहे, गढूळ आहे, गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. खजुराची झाडं आहेत. घरं विटांची. जानेवारीत तिथे पाऊस पडतो आणि चिखल इतका चिकट होतो की बूट निघत नाही. लायब्ररीत चढायचा तो आवाज आज नव्हता. ब्रेंडा डोळे मिटून ऐकत होती, ओठ किंचित हलत होते.

"तुझे कुणी आजोबा तिथे होते ना? परत आले?"

"नाही."

"त्यांना तिथे कशाला नेलं होतं?"

"आधी तेलासाठी," गिरीश म्हणाला. "मग पुढचं गाव सोपं वाटलं म्हणून."

ब्रेंडानं डोळे उघडले. "आणि माझ्या मुलाला?"

चर्चमधल्या बायका भांडी लावायच्या थांबल्या. दीपानं नवऱ्याकडे पाहिलं. जवळजवळ पाच वर्षं टीव्हीसमोर हा माणूस या प्रश्नाचं उत्तर ओरडून देत होता. कारणं एक, दोन, तीन करत बोटांवर मोजायचा. आता ती बोटं त्यानं मांडीवर घट्ट धरली होती.

"मला माहीत नाही, ब्रेंडा," तो म्हणाला.

हे खोटं होतं. दीपाला ते ठाऊक होतं, बहुतेक ब्रेंडालाही. पण ब्रेंडानं मान हलवली आणि त्याचा हात हातात घेतला. परतताना गाडीत दीपानं किती महिन्यांनी तरी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

आर्य ऑक्टोबरात परत आला. नीट चालत होता, नीट जेवत होता, विचारलेल्याला उत्तर देत होता. बेसमेंटमध्ये मात्र पाऊल टाकत नव्हता. एका शनिवारी तो आपणहून म्हणाला, की योर्कव्हिलला जाऊ या. तिघं गेले. रस्त्याकडेचे मेपल लाल झाले होते.

घरासमोर गाडी थांबली आणि आर्य उतरेना. पट्टा काढला, दाराला हात लावला, आणि तसाच बसला. गिरीश म्हणाला, "चल बेटा." तो हलला नाही. शेवटी दोघं उतरून पायऱ्यांशी गेले. ब्रेंडा दारात उभी होती. ती बारीक झाली होती. तिनं गाडीकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या, सरळ गाडीपाशी गेली आणि मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसून दार ओढून घेतलं.

काचेआड दोघांची डोकी दिसत होती. आधी ब्रेंडा बोलत होती. मग बराच वेळ आर्य बोलला. एकदा त्यानं दोन्ही हात पुढे करून काहीतरी ओढल्यासारखं दाखवलं, आणि ब्रेंडानं तोंडावर हात घेतला. दीपा पायरीवर बसून होती, गिरीश कठड्याला धरून उभा होता. जवळ जायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

ब्रेंडा परत आली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. "त्यानं सांगितलं मला," ती म्हणाली. "माझ्या मुलाजवळ शेवटपर्यंत कोण होतं ते मला कळलं. तुम्हाला सांगायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. विचारू नका." मग आत जाऊन तिनं हॅम सँडविचची बशी भरली आणि पुन्हा गाडीकडे गेली.

परतीच्या वाटेवर दीपा मागच्या सीटवर मुलाशेजारी बसली. कापलेल्या मक्याची शेतं मागे पडत होती. बरीच मैलं गेल्यावर आर्य इंग्रजी न मिसळता मराठीत बोलला, लहानपणी बोलायचा तसं अडखळत.

"डॅड, कूतहून जे परत आले... ते नंतर काय करायचे?"

गिरीशनं आरशात त्याच्याकडे पाहिलं. वेग थोडा कमी केला.

"मी कधी वाचलंच नाही," तो म्हणाला. "कोण कुठे मेलं ते सगळं वाचलं. परत आलेल्यांचं कधी शोधलं नाही."

आर्यनं 'हं' केलं आणि खिडकीची काच खाली घेतली. हवा बोचरी होती. दीपानं ओढणी कानाभोवती गुंडाळली, पण काच लाव, असं ती म्हणाली नाही.