सरावलीच्या हॉलातला समुद्र

आमची सून हेमांगी घरात कमी आणि तालमीत जास्त. ओले बोंबील वाळत टाकायचे, दुपार कलली की साडी बदलायची आणि एडवणहून थेट सरावली गाठायची, हे कोणत्या घरात चालतं? तिथे कारखान्यातली माणसं पाळी सुटली की नाटक बसवतात. त्यात हिला काम मिळालं, तेही बाईचं नाही. तांडेलाचं. समुद्रात अख्खी बोट ज्याच्या हुकमावर चालते, त्याचं.

मी सांगून टाकलं, "हा एक खेळ कर. मी समोर बसणार, आणि खेळ संपला की तिथंच सगळ्यांदेखत तुझं नाटक बंद."

"या, आई. पुढची खुर्ची धरून ठेवते," ती म्हणाली. उलट बोलली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

माझा नवरा दामू जन्मभर तांडेल. गुडघा गेल्यापासून ओट्यावर जाळी विणत बसतो. त्यालाही सोबत नेलं.

पडदा सरकला आणि मला हसू आलं. दोन लाकडी बाक आणि एक दोर. "ही होय बोट?" मी दामूला म्हटलं. "हिच्यात कोंबडीपण बसायची नाय."

मग हेमांगी बाकावर चढली. बाक जागचा हलला नाही, पण तिचं अंग असं खाली गेलं आणि वर आलं की मीच खुर्ची घट्ट धरली. जाळं खाली कशाला तरी अडकलं होतं. दोर सोडला तर जाळं गेलं, धरला तर बोट उलटणार. ती मागे रेलली, खालचा ओठ दातात धरला. ती खोड दामूची, जाळ्याची गाठ आवळताना तो ओठ असाच धरतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी याला बंदरावरून निघताना पाहिलं, परतताना पाहिलं. मधला, समुद्रातला माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. तो तिथे उभा होता, माझ्या सुनेच्या अंगात.

हॉलात कोणी खोकत नव्हतं.

दामू उठून उभा राहिला. "सोड दोर. सोड, पोरी. जाळं परत विणू."

"चाचा, बैठ जाओ, दिखता नहीं," मागून एक कामगार म्हणाला.

"तुला नाय दिसत," मी मागे वळून म्हटलं, "त्याला दिसतंय."

तिने दोर सोडला. दामू खाली बसला आणि पंच्याने तोंड पुसत राहिला.

खेळ संपला. दिवे लागले, लोक टाळ्या वाजवून उठले. मी ठरल्याप्रमाणे रंगमंचावर चढले. हेमांगी त्या टोकाला, बाकापाशी उभी होती, तोंड उतरलेलं. मध्ये मोकळ्या फळ्या. माझा पाय काही त्यांच्यावर पडेना. मी भिंतीला धरून कडेकडेने गेले.

"आई, सरळ या ना," ती म्हणाली. "फळ्याच हायत."

"आता फळ्या हायत. मघाशी नव्हत्या."

ती खाली मान घालून वाट बघत राहिली. बाकीचे नट दोर गुंडाळायचे थांबले. मी तिची हनुवटी वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "तू तांडेल हायस. उद्यापासून तालमीला जायचं, आणि गावात कोणी तोंड वाकडं केलं तर सांगायचं, सासूनं धाडलंय."