खोटे पावणेदोनशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीच्या हातगाडीवरचा नव्हे हं! त्यांच्याशी माझी बरोबरी केलेली मला आजही खपत नाही. मी तान्ह्या बाळांचा काटा. गोल तबकडी, तिच्यावर लाल सुई, डोक्यावर टांगायची कडी आणि खाली कापडी झोळी. आता माझ्या तबकडीवर लाल रंगाने 'बाळांसाठी नाही' असं लिहिलेलं आहे. ते का, हे सांगायला मला लाज वाटते. पण सांगितलंच पाहिजे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका कारागिराने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, एकेक वजन टांगून मला तपासलं आणि माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली : 'पाच किलोपेक्षा जास्त वजन टांगू नये.' पुढे ती चिठ्ठी हात लागून लागून पुसली गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

तिथून मी आलो अकोल्याला, सिंधू सिस्टरांकडे. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली ही बाई निवृत्त झाल्यावर घरी बसेना. जठारपेठेजवळच्या आमच्या छोट्या चर्चच्या व्हरांड्यात दर बुधवारी सकाळी त्या मला खुंटीला टांगायच्या आणि आजूबाजूच्या बाळांची वजनं करायच्या. आलेली बाई कोणत्या जातीची, कोणत्या देवाची हे कुणी विचारायचं नाही. बाळ आणा, झोळीत ठेवा, आकडा ऐका, घरी जा. सगळं फुकट.

सुरुवातीला सिस्टरांची एक शिस्त होती. पहिलं बाळ झोळीत ठेवण्याआधी त्या मिठाची किलोची पुडी टांगायच्या. सुई बरोबर एकावर थांबली की म्हणायच्या, "आता बोल, बाबा!" पण तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि सिस्टरांच्या आतलं काहीतरी विझलं. चर्चला जायच्या, पण सवयीने. गाणी म्हणताना ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. मिठाची पुडीही तेव्हाच सुटली. खरं सांगू? मला बरंच वाटलं. दर बुधवारी परीक्षा द्यायला कुणाला आवडतं?

मागच्या कार्तिकात रुख्मिणीबाई आल्या. शेतकऱ्याच्या घरच्या, उंच, तोंडाच्या फटकळ. सोबत सून आकांक्षा आणि तिच्या छातीशी शालीत गुंडाळलेली एक मूठभर मुलगी. सातव्या महिन्यातच जन्मलेली. मोठ्या दवाखान्यातून दोन दिवसांपूर्वी सोडलेली. गाव लांब म्हणून तिघी इथेच खोली करून राहिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आठवड्याला दीडशे ग्रॅम वाढलंच पाहिजे. नाही वाढलं तर एक दिवसही न थांबता परत दवाखान्यात आणायचं.

मी तोललं. एक किलो सातशे पन्नास. हा माझा खरा आकडा, मित्रांनो. माझ्या आयुष्यातला शेवटचा खरा.

"सिस्टर, हे जगंन ना?" रुख्मिणीबाईंनी सरळच विचारलं. आकांक्षाने मान खाली घातली.

"दूध पाजा, उबेत ठेवा. पुढच्या बुधवारी काटा सांगेल," सिस्टर म्हणाल्या. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्याच रविवारी आमच्याकडे हंगामाचा सण होता. माणसं शेतातलं, परसातलं काय काय घेऊन येतात, वेदीपुढे ठेवतात, देवाचे आभार मानतात. तुरीच्या शेंगा, संत्री, कापसाची बोंडं, झेंडूच्या माळा. पुंजारामभाऊ म्हणजे चर्चचे वडीलधारे, भारी हौशी माणूस. त्यांनी एक अवाढव्य कोहळं आणलं होतं आणि पोरांसाठी खेळ काढला : कोहळ्याचं वजन ओळखा! पोरं ओरडायला लागली, "सहा! आठ! दहा!" मग खरं वजन सांगायचं कुणी? पुंजारामभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि व्हरांड्यातून मला काढलं.

झोळीत कोहळं पडलं आणि माझ्या पोटात कळ आली. सुई पाचाच्या पार गेली आणि खिळ्याला आपटली. मी कण्हलो, पण पोरांच्या कालव्यात कोण ऐकतंय? कोहळं काढल्यावर सुई शून्यावर परतेना. पुंजारामभाऊ चरकले. त्यांनी नखाने माझ्या माथ्यावरचा स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली, "झालं बरोबर" असं स्वतःशीच पुटपुटले आणि मला गुपचूप खुंटीला लावून दिलं. वाईट माणूस नव्हे हो तो. फक्त लाजला.

सुई शून्यावर होती, पण स्प्रिंग ढिली पडली होती. आता माझ्यावर शंभर टांगले की मी एकशे दहा सांगणार होतो. मला हे ठाऊक होतं. सिस्टरांना नव्हतं.

बुधवार उजाडला. चिमणी झोळीत आली. त्या मूठभर मुलीला मी मनात हेच नाव दिलं होतं. मला तिचं वजन कळलं : तेवढंच, एक किलो सातशे पन्नास. मी सुई मागे ओढायचा जिवापाड प्रयत्न केला, मित्रांनो. पण सुई माझं ऐकेना. ती घसरत गेली आणि एक किलो नऊशे पंचवीसवर थांबली.

"पावणेदोनशे वाढली!" सिस्टर ओरडल्याच. रुख्मिणीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आकांक्षा किती दिवसांनी हसली. आणि त्या दिवशी सगळ्या गेल्यावर सिस्टर झोळी धुताधुता चक्क गुणगुणायला लागल्या. तीन वर्षांनी! त्यांचा तो बारीक आवाज ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र धरणी दुभंगावी असं वाटत होतं.

रविवारी उपासनेत त्या साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. "माझा विश्वास मेला होता," त्या म्हणाल्या. "पण प्रभूने एका लेकराला पावणेदोनशे ग्रॅम दिले आणि मला परत बोलावलं." लोक "आमेन" म्हणाले. पुंजारामभाऊ सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

हे मला नंतर कळलं, पण तिकडे त्या खोलीत चिमणी दूध ओढताना दमत होती. दोन घोट घ्यायची आणि झोपून जायची. पण काट्याने सांगितलं होतं ना वाढली म्हणून! मग आकांक्षा निश्चिंत राहायची, झोपू द्यायची.

मंगळवारी सकाळी सिस्टर व्हरांडा झाडत होत्या, तेवढ्यात रुख्मिणीबाई तरातरा चर्चमध्ये आल्या. मागे चिमणीला छातीशी धरून धापा टाकत सून. "सिस्टर, तुमचा काटा काईबी म्हणो, माह्या मनाले पटून नाई रायलं. ही टोपी पाहा. आणली त्या दिवशी डोयावर होती, आजबी तशीच डोयावर येऊन रायली. पोरगी रडतबी नाई."

सिस्टरांनी मला टांगलं. सुई पुन्हा एक किलो नऊशे पंचवीसवर. सहा दिवसांत काहीच नाही.

"मागच्या वेळी एकदम वाढली होती ना," सिस्टर म्हणाल्या. "उद्या बुधवार आहेच. उद्या परत बघू."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्या का थांबू पाहत होत्या ते मला कळत होतं. साऱ्या चर्चपुढे साक्ष दिली होती. तो आकडा खोटा ठरला तर काय उरणार होतं त्यांच्याकडे? मी मनात ओरडत होतो : बाई, उद्या नको! माझ्यावर भरवसा ठेवू नका!

त्यांनी चिमणीला झोळीतून उचललं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तिला एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर घेतलं. चाळीस वर्षं बाळं झेललेले हात ते. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आकांक्षा, समोरच्या दुकानातून मिठाची पुडी आण. किलोची. पळ!"

पुडी आली. झोळीत बसली. माझी सुई एकावर थांबली नाही; पुढे सरकली, आणखी पुढे, आणि शंभर ग्रॅम जास्तीवर उभी राहिली. सिस्टरांनी पुडी काढून पुन्हा ठेवली. तेच.

त्या मटकन पायरीवर बसल्या. "पोरगी वाढलीच नाही. दोन आठवडे झाले, एक ग्रॅम नाही. आणि मी देवाच्या नावानं खोटं बोलले, रुख्मिणीबाई. सगळ्यांसमोर."

"ते मंग पाहू!" रुख्मिणीबाई कडाडल्या. "देव काई पयून नाई चालला. पोरगी चालली! उठा, आटो थांबवा."

त्या बोलण्याने सिस्टर उठल्या. चिमणीला आकांक्षाच्या पोलक्याआत, अंगाला अंग लावून बांधलं आणि मला पिशवीत कोंबलं. आटोत त्यांचा हात पिशवीवर होता. त्या पुटपुटत होत्या, "प्रभू, मला काही दाखवू नकोस. मला काही नको. हिला फक्त पोचू दे." इतकी साधी प्रार्थना मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

दवाखान्यात त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, माझा काटा खोटा दाखवत होता. मी तपासला नाही. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी चिमणीला विजेच्या काट्यावर ठेवलं. एक किलो सातशे पन्नास. "आज आणलंत ते बरं झालं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि दार बंद झालं. नाकातून बारीक नळी घालून आईचं दूध द्यायला सुरुवात झाली.

बाहेरच्या बाकावर सिस्टरांच्या शेजारी माझा तो दिवस कसा गेला ते विचारू नका. दुपारी बातमी कळून पुंजारामभाऊ आले, हातात टोपी चुरगाळत. "सिस्टर, मी कोहयं टांगलं होतं त्याच्यावर. सुई सरकली, मीच फिरवली. मले वाटलं शून्यावर आली म्हणजे झालं. तुमाले सांगायले लाज वाटली."

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, मला आत्ता तुमचा फार राग आलाय. तो जाईल. पण आत्ता आहे." पुंजारामभाऊ रडायला लागले, आणि त्याच बाकाच्या टोकाला बसून राहिले. त्यांना कुणी जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने येऊन सांगितलं, "पाच ग्रॅम कमी झालं."

आकांक्षाने हुंदका दिला आणि ती परत आत लेकीकडे गेली. मला वाटलं, झालं. आता सिस्टरांचं उरलंसुरलंही गेलं. पण त्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात बोलायला लागल्या, "बापा, रात्रभरात तिनं एकदाही दूध उलटलं नाही, तुझे आभार. तिचे पाय ऊबदार आहेत, तुझे आभार. तिची आई तिच्याजवळ आहे, तुझे आभार." वजन वाढल्यावर नाचणारी माणसं मी खूप पाहिली होती. कमी झाल्यावर आभार मानणारं माणूस पहिलंच.

रुख्मिणीबाई टक लावून पाहत होत्या. "सिस्टर, तुमचा देव अशा टायमालेबी आयकते काय?"

"मला वाटायचं नाही ऐकत," सिस्टर म्हणाल्या. "आज ऐकतोय असं वाटतंय. का, ते नाही सांगता येत."

"मंग माह्या नातीचं नाव सांगा त्याले. मीबी माह्या देवाले सांगून रायली." रुख्मिणीबाईंनी फडक्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला, अर्धी भाकर सिस्टरांपुढे केली, अर्ध्यातली अर्धी पुंजारामभाऊंच्या हातात दिली. सिस्टरांनी मान वाकवून दोन शब्द म्हटले. तोवर रुख्मिणीबाई हातातला घास तसाच धरून थांबल्या. मग तिघंही जेवली. ठेच्याने सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसायला लागल्या. चिमणीचं काय होणार ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी ती बाई मनापासून हसत होती. असं हसू माझ्या खोट्या आकड्याने आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहा ग्रॅम वाढले. चौथ्या दिवशी पंधरा. मग वीस, मग तीस. पंधराव्या दिवशी चिमणी दोन किलोची झाली आणि रडली तर सगळा वॉर्ड जागा झाला.

पुढच्या रविवारी सिस्टर मला हातात धरून चर्चमध्ये उभ्या राहिल्या. "मी इथं दिलेली साक्ष मागे घेते," त्या म्हणाल्या. कुजबुज झाली. "ते पावणेदोनशे ग्रॅम खोटे होते. देवाने ते दिले नव्हते, तुटक्या काट्याने दिले होते. मला भीती होती की आकडा गेला तर विश्वासही जाईल. पण पाच ग्रॅम कमी झाले, त्या सकाळी तो माझ्याजवळ बाकावर होता. माझी साक्ष एवढीच आहे." शेवटच्या रांगेत रुख्मिणीबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. पुंजारामभाऊ उठले आणि कोहळ्याची गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितली. त्यांचा आवाज फुटत होता, तरी त्यांनी शेवटपर्यंत सांगितली.

आता व्हरांड्यात नवा काटा आहे. माझ्या तबकडीवरची लाल अक्षरं पुंजारामभाऊंनीच रंगवली. मी भिंतीवर टांगलेला असतो आणि बुधवारची बाळं वरून पाहतो. सिस्टर काम करताकरता गुणगुणत असतात.

मित्रांनो, माझी स्प्रिंग ताणली गेली याचं मला दुःख नाही. वस्तू आहे, कधीतरी बिघडणारच. पण तुमच्या हातून काही मोडलं, ढिलं झालं, बिघडलं तर सुई शून्यावर आणून गुपचूप खुंटीला लावू नका. ओरडा बसेल, बसू द्या. लाज वाटेल, वाटू द्या. पण त्याच दिवशी जाऊन सांगा. कारण ते नऊ दिवस मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.